कै. दादासाहेब फाळके : ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटाचे एक प्रेक्षक

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संतांची चरित्रे, जुन्या धर्मगुरूंचे कष्ट, देवळाच्या बांधणीची हकीकत असे विषय यावेत हे उचितच आहे. त्या पंक्तीस, त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्याच्या घरी जन्मलेल्या व अखेरपर्यंत आपल्या हिंदुधर्मात राहिलेल्या गृहस्थाचे चरित्र कशासाठी बसविले, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर इतकेच की, प्रभू येशू ख्रिस्ताचे जीवन पडद्यावर पाहून ज्याच्या आयुष्याची दिशा एका बैठकीत पालटली असा एक प्रेक्षक या महाराष्ट्रात होऊन गेला, आणि तो आपल्यापैकी नव्हता. नाताळ आला म्हणजे ख्रिस्तजन्माचे चित्रपट आपणही पाहतो. मुलांस शेजारी बसवून पाहतो. मरियेची भूमिका करणारी नटी कितपत शोभली यावर देवळाच्या आवारात चार शब्दही बोलतो. त्या परधर्मी प्रेक्षकाने तेच दृश्य कोणत्या डोळ्यांनी पाहिले आणि पाहून काय केले, हे जाणणे आपणांस अगत्याचे आहे असे मला वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. मुलाने शास्त्राध्ययनाची परंपरा पुढे चालवावी हे अशा घरात स्वाभाविकच होते. परंतु या मुलाचा हात पोथीपेक्षा कुंचल्याकडे अधिक धावे. पुढे वडिलांस अध्यापनाच्या निमित्ताने मुंबईस यावे लागले, कुटुंबही मुंबईस आले, आणि १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून १८९० साली ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, छायाचित्रण, मूर्तीचे साचे, छपाईचे ठसे, जादूचे प्रयोग, जे दृष्टीस पडेल ते हाताने करून पाहावे असा त्यांचा स्वभाव होता. जादूचे खेळ ते आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने करीत, ही गोष्ट वाचून आपल्या शाळेतील मुलांस मौज वाटेल.

संसारात मात्र मौज नव्हती. गुजराथेत त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला, तेव्हा यंत्रासमोर उभे राहिल्याने आयुष्य घटते या समजुतीने लोक त्यांच्याकडे येण्यास कचरत. त्यातच प्लेगची साथ आली, आणि १९०० साली त्या साथीने त्यांची पत्नी व मूल ही दोन्ही हिरावून नेली. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. त्या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील हकीकतीत त्यांचा वाटा निम्म्याहून उणा नाही.

१९०३ साली दादासाहेबांस सरकारच्या पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारा म्हणून नोकरी लाभली. परंतु बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे सुटले, आणि त्या वाऱ्यात त्यांनी ही नोकरी सोडून दिली. लोणावळ्यास व मागाहून मुंबईस दादर येथे त्यांनी छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या देवदेवतांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला होता. ज्या रंगीत चित्रांनी सरस्वती, लक्ष्मी व रामपंचायतन महाराष्ट्रातील घरोघरच्या भिंतींवर नेऊन बसविले, त्यांच्या ठशांशी या मनुष्याचा हात परिचित होता, ही गोष्ट पुढे कामास येणार होती. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस येत होता. तोच भागीदारांशी बिनसले, आणि दादासाहेब जवळजवळ रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळीस, पदरी मुले, हातास काम नाही, अशी त्यांची त्या वेळची अवस्था होती.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास ख्रिस्ती सणाच्या दिवसांत, गिरगावातील अमेरिका-इंडिया चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. तो एकदा पाहून त्यांची तृप्ती झाली नाही. त्यांनी सरस्वतीबाईंसही नेले आणि पुन्हा पाहिला. पुढे १९१७ साली त्यांनी आपल्या या अनुभवाची हकीकत मराठी मासिकातून स्वतः लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा की, डोळ्यांसमोर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण व रामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती. आपल्या देशातील लोकांस आपली चरित्रे अशी पडद्यावर केव्हा दिसतील या विचाराने त्यांस भारून टाकले.

त्या काळचे असले चित्रपट कसे असत हे येथे सांगितले पाहिजे. फ्रान्सातील पाथे व गोमाँ या दोन कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ख्रिस्तचरित्राचे मूकपट काढले. गोमाँ कंपनीचा १९०६ सालचा चित्रपट अलीस गी नावाच्या बाईंनी दिग्दर्शित केला. त्यात सुमारे पंचवीस प्रवेश असून टिसो नामक फ्रेंच चित्रकाराच्या बायबलमधील चित्रांवरून त्यांची मांडणी केली होती. सारा खेळ अर्ध्या तासात आटोपे. आरंभ बेथलेहेमापासून होई. रंगविलेल्या कापडाच्या भिंती, त्यांपुढे दाटीने उभे असलेले नट, आणि एका जागी खिळलेले चित्रयंत्र, एवढीच सामग्री. आज तो चित्रपट पाहणाऱ्यास हसू येण्याचा संभव आहे. तथापि हसू आवरून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्या दृश्यांत घाई नाही. गव्हाणीतील बाळ झोपले आहे, देवदूत त्याच्याभोवती जमले आहेत, आणि बराच वेळ दुसरे काहीच घडत नाही. मागाहून आलेल्या मोठमोठ्या चित्रपटांत राजा हेरोदाचे सैन्य दौडते, उंटांचे तांडे जातात, तारा तर इतका लखलखतो की बाळाकडे पाहण्यास सवडच मिळत नाही. माझ्यापुरते बोलायचे तर, कापडाच्या भिंतींचे ते जुने बेथलेहेम मला अधिक खरे वाटते.

ख्रिस्ती प्रेक्षकाची अडचण निराळीच आहे. कथेचा शेवट त्यास ठाऊक असतो. योसेफाने कोणता अंगरखा घातला, मेंढपाळ किती आले, राजे काळे-गोरे कसे दाखविले, हे तो तपासीत बसतो. जे दाखविले जात आहे ते त्याच्यापुढे पहिल्याने घडतच नाही. कित्येक भाविक तर असे म्हणतात की पवित्र गोष्टी नटांच्या हाती देऊच नयेत. त्यांच्या या भीतीस मी अगदीच निराधार म्हणत नाही. एखाद्या नटीचा चेहरा मरियामातेच्या जागी मनात बसला म्हणजे जपमाळ करतानाही तोच पुढे येतो, अशी तक्रार माझ्या कानी आली आहे. परंतु पवित्र चित्रांचा प्रश्न धर्मसभेने फार पूर्वी, ७८७ साली नायसिया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेत, सोडविला आहे. चित्रास दिलेला मान चित्रापाशी न थांबता ज्याचे ते चित्र आहे त्याजकडे जातो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आणि दमास्कसच्या संत योहानाने त्यापूर्वीच दाखवून दिले होते की, ज्या दिवशी शब्द देह झाला त्या दिवशी देव दृश्य झाला, म्हणून त्याचे चित्र काढता येते. म्हणजे चित्र काढण्याचा अधिकार आपणांस नाताळानेच दिला. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गाय, गाढव व गव्हाणी उभी करून लोकांस ख्रिस्तजन्म डोळ्यांनी दाखविला, तोही याच आधारावर. हलत्या चित्रांविषयी ११ वे पोप पायस यांनी १९३६ साली स्वतंत्र विश्वपत्र काढले. त्यात या साधनाच्या अनिष्ट परिणामांविषयी कडक इशारा असला तरी साधनास त्याज्य ठरविलेले नाही. २००६ साली तर ख्रिस्तजन्मावरील एका चित्रपटाचा पहिला खेळ व्हॅटिकनमध्येच झाला. असो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ख्रिस्तचरित्र पाहून या ब्राह्मण गृहस्थास राम-कृष्ण आठवले, ख्रिस्ताकडे ते वळले नाहीत; तेव्हा बी काट्यांत पडले असे म्हणावे काय? असे म्हणणारे ख्रिस्ती लोक मला भेटले आहेत. उलटपक्षी, या देशातील सारा चित्रपटधंदा आमच्या प्रभूच्या चरित्रातून निघाला अशी प्रौढी मिरविणारेही भेटले आहेत. मला दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्यांस मी गोव्याच्या साष्टीतील एका गोष्टीची आठवण देतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी, पूर्वी ऐकत असलेल्या पुराणांच्या ठिकाणी आपल्या भाषेत काही पुराण असावे, अशी मागणी केली. फादरांनी ती योग्य मानली, आणि १६१६ साली मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. हिंदूंच्या पुराणांचे वळण पाहून आपण आपल्या प्रभूचे पुराण रचले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी एका हिंदूने आपल्या प्रभूचे चित्रचरित्र पाहून त्याच्या देवांचे चित्रचरित्र रचावयाचे मनात आणले. पहिल्या वेळी जे आपणांस गोड वाटले ते दुसऱ्या वेळी कडू का वाटावे? आणि प्रौढी मिरविणाऱ्यांस एवढेच विचारावयाचे की, त्याच दिवसांत त्याच चित्रगृहात ख्रिस्ती प्रेक्षक काय थोडे बसले असतील? त्यांच्यापैकी कोणी घरी जाऊन झोप टाकली काय?

दादासाहेबांनी झोप टाकली, हे अक्षरशः खरे आहे. चित्रपट कसा बनतो हे समजून घेण्यासाठी त्यांनी मिळतील ती पुस्तके, सूचीपत्रे व यंत्राचे तुकडे जमविले. मुंबईत लागणारे खेळ ते रोज पाहू लागले. रात्रीची रात्र प्रयोग करीत बसू लागले. या श्रमाने डोळे इतके बिघडले की काही काळ त्यांस दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, आणि परत आलेली दृष्टी त्यांनी पुन्हा त्याच कामास लावली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले व १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस निघाले. लंडनमध्ये सिनेमाविषयक पत्राच्या संपादकाने त्यांस प्रथम परावृत्त करून पाहिले व मग मदत केली. सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपटकाराच्या कारखान्यात त्यांनी काम पाहून घेतले. विल्यमसन कंपनीचे चित्रयंत्र, फितीला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फीत यांची तजवीज करून एप्रिलच्या आरंभी ते स्वदेशी परतले.

पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब वाढत असता महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते बी क्षणार्धात अंकुरून वर येताना दिसले, तेव्हा पाहणारे थक्क झाले व कर्ज मिळाले. मातीत पडलेल्या बीजाचे दाखले आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून वर्षानुवर्षे देतो. ते बीज लोकांस डोळ्यांनी उगवताना दाखविणारा मनुष्य मात्र हाच.

यापुढील काम सरस्वतीबाईंशिवाय झाले नसते. अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले. अंधारात बसून फितीस भोके पाडणे, औषधांच्या पाण्यात फीत धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि एवढे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हा त्यांचा नित्यक्रम होता. बेथलेहेमच्या गोठ्यात उजेड कोणी धरला हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत. परंतु अशी कामे करणाऱ्यांची नावे सांगायची राहून जातात हे आपल्या धर्मग्रामातील भगिनींस माहीत आहे.

चित्रपटाचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली, आणि दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना. कुलीन स्त्रियांचे तर राहोच, नायकिणीही त्या कामास तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडकडील एका उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके नामक नाजूक हातांच्या तरुणास तारामती केले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी, व ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्व लोकांसाठी हा चित्रपट दाखविला गेला. लांबी सुमारे ३७०० फूट, चार रिळे.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. ख्रिस्तचरित्र पाहताना दादासाहेबांच्या मनात गोकुळ व अयोध्या आली होती. पण प्रत्यक्षात पहिले चित्र निघाले ते हरिश्चंद्राचे. रंगभूमीवर ही कथा लोकप्रिय होती, हे त्याचे व्यावहारिक कारण असणारच. तथापि कथा कोणती आहे ते पाहा. एक निर्दोष राजा दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडतो, पत्नी विकली जाते, स्वतः स्मशानात चाकरी करतो, एकुलता एक पुत्र मरतो, आणि शेवटी तो पुत्र जिवंत होऊन मिळतो. ज्याने नुकताच गोठ्यापासून क्रुसापर्यंत व क्रुसापासून रिकाम्या कबरीपर्यंतचा प्रवास पडद्यावर पुनःपुन्हा पाहिला होता, त्याच्या हातून आपल्या पुराणांच्या भांडारातून पहिल्याने हीच कथा उचलली गेली. दादासाहेबांनी हा संबंध कोठे जोडला आहे असे मी म्हणत नाही; जोडतो तो मी, आणि एका धर्मगुरूची ही नजर आहे हे वाचकांनी जाणून घ्यावे. पण नीतिमान मनुष्याचे दुःख पाहून जे मन हलते ते कोणत्या धर्माचे आहे हे विचारीत बसण्याचे मला कारण दिसत नाही.

१९१७ साली ‘लंकादहन’ निघाला. त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक जागेवरून हात जोडीत, साष्टांग नमस्कारही घालीत. आपल्यापैकी कोणी यावर हसू नये. गुड फ्रायडेच्या दिवशी आपण लाकडाच्या क्रुसापुढे गुडघे टेकतो, ते लाकडापुढे नव्हे. नायसियाचा निर्णय वर सांगितलाच आहे. नमस्कार घालणाऱ्या त्या लोकांसही समोर उपाहारगृहातील आचारी आहे हे कोणी सांगावयास नको होते. ख्रिस्तजन्माच्या चित्रपटात बाळ दिसताच हात जोडणारा एकही मनुष्य मी आपल्या समाजात अद्याप पाहिलेला नाही. त्यांची श्रद्धा व आपली श्रद्धा यांच्या विषयांत जे अंतर आहे ते मी लपवू इच्छीत नाही. मी बोलतो आहे तो पाहण्याच्या रीतीविषयी.

१९१८ साली दादासाहेबांनी ‘श्रीकृष्णजन्म’ काढला. काळोखात बसून सात-आठ वर्षांपूर्वी जे मनात आले होते ते तेव्हा पुरे झाले. पुढल्या वर्षीच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात बाळकृष्णाचे काम त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केले.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सुखाचे नाही. धनिकांच्या भांडवलावर १९१८ साली नाशिकास निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत त्यांचे जमले नाही. १९१९ साली ते सारे सोडून काशीस गेले व तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहीत राहिले. काही वर्षांनी परतून त्यांनी पुन्हा चित्रपट काढले, पण पूर्वीचा बहर आला नाही. १९३१ साली बोलपट सुरू झाले, आणि मूकपटाच्या या कारागिरास जणू परकी भाषा बोलणाऱ्यांच्या गावी राहावे लागले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा कोल्हापुरात काढलेला बोलपट त्यांचा शेवटचा. नाशिकास विपन्न व विस्मृत अवस्थेत त्यांनी अखेरची वर्षे काढली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या नावाचे पारितोषिक भारत सरकारने १९६९ साली सुरू केले. जिवंतपणी त्यातील एक पै त्यांच्या घरी आली असती तर बरे झाले असते.

हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच आज उपलब्ध आहेत. मधली कथा गेली. अलीस गी यांचे १९०६ सालचे ख्रिस्तचरित्र मात्र अजून टिकून आहे व बेथलेहेमापासूनच सुरू होते. येत्या नाताळाच्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात हे ख्रिस्तचरित्र व त्यापाठोपाठ हरिश्चंद्राची ती दोन रिळे दाखविण्याचा बेत केला आहे. दोन्ही मिळून तासाभराचा कार्यक्रम होईल. शेजारच्या हिंदु कुटुंबांसही आग्रहाने बोलवावे.